चोरपावलांचं हेलिकॉप्टर

१९८३ साली ‘ब्लू थंडर’ नावाचा हॉलिवूडचा चित्रपट आला. त्यातल्या पोलिसी हेलिकॉप्टरमध्ये एक बटण होतं. वैमानिकानं ते दाबलं की यंत्राची धडधड कुजबुजीइतकी खाली यायची आणि ते एखाद्या इमारतीबाहेर तरंगत राहून आतलं बोलणं टिपायचं. पुढच्याच वर्षी ‘एअरवूल्फ’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिचं काळं हेलिकॉप्टर म्हणजे मुळात ‘बेल २२२’ हे साधं नागरी यंत्र, पण पडद्यावर ते विमानांच्याही पुढे धावायचं. प्रेक्षकांनी दोन्हींवर प्रेम केलं आणि दोन्ही कल्पनेच्या कप्प्यात ठेवून दिली. आवाज न करणारं हेलिकॉप्टर कुठं असतं का!

होतं. ‘ब्लू थंडर’च्याही अकरा वर्षं आधी ते शत्रूच्या मुलखात जाऊन, काम करून परत आलं होतं. जगाला हे कळायला बरीच वर्षं गेली.

डिसेंबर १९७२. पॅरिसमध्ये अमेरिका आणि उत्तर व्हिएतनाम यांच्यातल्या वाटाघाटी अडल्या होत्या. समोरचा पक्ष आपसात काय बोलतो हे अमेरिकेच्या बाजूनं वाटाघाटी करणाऱ्या हेन्री किसिंजर यांना हवं होतं. उत्तर व्हिएतनामच्या लष्कराची एक महत्त्वाची दूरध्वनी तार विन्ह शहराजवळून जात होती. त्या तारेला कान लावायचा, तर माणसं तिथपर्यंत न्यायला हवीत आणि कुणाला चाहूल न लागता परतही आणायला हवीत. चारी बाजूंना विमानविरोधी तोफा. नेहमीचं हेलिकॉप्टर काही मैलांवरून ऐकू आलं असतं.

सीआयएनं त्यासाठी ह्यूज कंपनीचं एक छोटं यंत्र निवडलं. मूळ नाव ‘ह्यूज ५००’, बदललेल्या रूपाचं नाव ‘५०० पी’ आणि ते उडवणाऱ्यांच्या तोंडी असलेलं नाव ‘क्वाएट वन’, म्हणजे शांत गडी. मुख्य पंख्याला चारऐवजी पाच पाती बसवली आणि तो हळू फिरवला. इंजिनाच्या धुराड्यावर मोटारसायकलला असतो तसा, पण मोठा सायलेन्सर चढवला. शेपटीच्या पंख्याला दोनऐवजी चार पाती दिली आणि ती काटकोनात न लावता कात्रीसारखी तिरपी लावली. अंधारात पाहण्यासाठी अवरक्त कॅमेरा आणि वैमानिकांच्या डोळ्यांवर रात्रीचे चष्मे.

५ डिसेंबरच्या रात्री लाओसमधल्या तळावरून ते निघालं. त्याआधीचे प्रयत्न हवामानानं आणि बिघाडांनी फसले होते. त्या रात्री सगळं जुळून आलं. डोंगरांच्या कुशीतून जात त्यानं दोन लाओशियन कमांडोंना तारेजवळ उतरवलं. ते खांबावर काम करत असताना यंत्र जवळच्या डोंगरावर गेलं आणि तिथल्या झाडाच्या शेंड्यावर त्यानं संदेश पुढे पाठवणारा अँटेना पसरून ठेवला. मग परत येऊन त्या दोघांना उचललं. पुढे काही काळ ती तार अमेरिकेला ऐकू येत होती. २७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिस करारावर सह्या झाल्या. त्यात या चोरून ऐकलेल्या बोलण्याचा वाटा किती, हे मोजायला कुणाकडे तराजू नाही. पण आवाज न करता हेलिकॉप्टर जाऊ शकतं, एवढं त्या रात्री सिद्ध झालं.

त्या तिरप्या शेपटीचा वंश मात्र खुंटला नाही. ह्यूजनंच पुढे अपाची हे लढाऊ हेलिकॉप्टर बनवलं. त्याच्या शेपटीकडे नीट पाहा: चार पाती, पण एकमेकींपासून सारख्या अंतरावर नाहीत. एका बाजूला ५५ अंश, दुसऱ्या बाजूला १२५. सप्टेंबर २०१९ मध्ये पठाणकोटला अपाची आपल्या हवाई दलात दाखल झाली, तेव्हाच्या छायाचित्रांतही ही कात्री स्पष्ट दिसते.

कात्रीनं काय साधतं? त्यासाठी हेलिकॉप्टर मुळात का ओरडतं, हे पाहावं लागेल. आपण सगळा दोष इंजिनाला देतो. लांबून येणारी धडधड बहुतेक पंख्याची असते. अमेरिकी ब्लॅक हॉक घ्या. मुख्य पंखा मिनिटाला २५८ फेरे मारतो, पाती चार. म्हणजे सेकंदाला सतरा तडाखे. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खाली ऐकत नाही. त्यामुळे हा मूळ ठोका कानाच्या उंबरठ्यावरच असतो. त्याच्या पटीतले स्वर आपण ऐकतो आणि मूळ ठोका छातीत जाणवतो. असा खालचा आवाज हवेत सहज जिरत नाही, दूरवर जातो. शेपटीचा पंखा छोटा आणि वेगवान. त्याचा सूर बराच वरचा, कानाला जास्त टोचणारा. सारख्या अंतरावरची पाती एकच सूर धरून बसतात, तंबोऱ्याच्या तारेसारखा. पाती तिरपी लावली की तो सूर फुटून अनेक सुरांत वाटला जातो आणि वाऱ्याच्या, पानांच्या सळसळीत मिसळतो. आवाजाची एकूण ऊर्जा फारशी घटत नाही, त्याची ओळख पुसली जाते. मला यातली हुशारी फार आवडते.

तिसरी गोष्ट भोवऱ्यांची. प्रत्येक पात्याच्या टोकाशी हवेचा घट्ट भोवरा सुटतो. उतरताना यंत्र स्वतःच्याच भोवऱ्यांमध्ये शिरतं, मागचं पातं पुढच्याच्या भोवऱ्यावर आदळतं आणि आपल्या ओळखीची ती ‘फट् फट्’ उमटते. यावर एक सरळ उपाय आहे: पंखा हळू फिरवा. ब्लॅक हॉकच्या पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २२० मीटर धावतं, ध्वनीच्या वेगाच्या जवळजवळ दोन तृतीयांश. हा वेग थोडा जरी उतरवला तरी आवाज पुष्कळ पडतो.

पण वेग उतरवला की उचलही पडते. म्हणून पाती वाढवा. पाती वाढली की वजन वाढलं. रडारला चकवायला अंगावर लेप, झाकणं, कोनदार पत्रे चढवा, पुन्हा वजन. शांततेची किंमत अशी उचलण्याच्या ताकदीत मोजावी लागते. कादंबरीतल्या आणि पडद्यावरच्या हेलिकॉप्टरांना ही किंमत कधीच भरावी लागत नाही. बटण दाबलं की झालं.

गव्हाणी घुबडाला ही किंमत परवडते. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेला मऊ झालर, वर मखमल. पण याहून मोठं कारण असं, की अर्धा किलोही वजन नसलेल्या पक्ष्याला पंख केवढे मोठे! तो संथ उडू शकतो म्हणून शांत उडतो. दहा टनांचं यंत्र घुबडाकडून कंगवा उसना घेईल, वजन कुठून घेणार?

अमेरिकी लष्करानं लपणाऱ्या हेलिकॉप्टरचा उघड प्रयत्न केला तो ‘कोमांचे’चा. ४ जानेवारी १९९६ रोजी ते पहिल्यांदा उडालं. शस्त्रं पोटात, चाकं पोटात, शेपटीचा पंखा कोशात. सुमारे सात अब्ज डॉलर आणि दोन नमुने, एवढ्यावर फेब्रुवारी २००४ मध्ये कार्यक्रम बंद झाला. तो टेहळणीचा आणि हल्ल्याचा गडी होता. माणसं वाहून नेणाऱ्या, पोटात डझनभर कमांडो घेऊन जाणाऱ्या हेलिकॉप्टरचा प्रश्न वेगळा, कारण ते आकारानं थोरलं आणि त्याला शेवटी शत्रूच्या दारातच थांबायचं असतं.

दारात थांबणं म्हणजे काय, हे मुंबईनं पाहिलंय. २८ नोव्हेंबर २००८ ची सकाळ. कुलाब्याच्या दाटीवाटीत, दहशतवाद्यांनी ताब्यात घेतलेल्या नरिमन हाउसवर हवाई दलाचं एमआय-१७ येऊन तरंगलं आणि एनएसजीचे जवान दोरावरून गच्चीवर उतरले. आजूबाजूच्या गच्च्या माणसांनी भरलेल्या, आणि आम्ही उरलेले सगळे टीव्हीसमोर. त्या कारवाईत कमांडो गजेंद्रसिंह बिश्त यांना वीरमरण आलं. हल्लेखोरांचे सूत्रधार पाकिस्तानात बसून हेच प्रक्षेपण पाहत होते. २०१२ साली, जिवंत पकडलेल्या कसाब या हल्लेखोराच्या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना त्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं. मला वाटतं, त्या सकाळी जगातलं सर्वांत मूक हेलिकॉप्टर असतं तरी उपयोग झाला नसता. कॅमेऱ्यांनी त्याची वर्दी आधीच दिली होती.

त्यानंतर अडीच वर्षांनी, १ मे २०११ च्या रात्री, अफगाणिस्तानातल्या जलालाबादहून दोन ब्लॅक हॉक निघाली. उडवणारे होते १६० व्या विशेष हवाई पथकाचे वैमानिक. हे पथक एका अपयशातून जन्मलं आहे. एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला निघालेल्या आठ हेलिकॉप्टरांपैकी पाचच कामाची उरली, मोहीम गुंडाळावी लागली आणि परतताना वाळवंटातच टक्कर होऊन आठ जण गेले. रात्रीच्या अशा कामासाठी वेगळी माणसं आणि वेगळी यंत्रं हवीत, हे अमेरिकेला तिथं कळलं.

पाकिस्तानातल्या एबटाबादपर्यंतचा प्रवास दीड तासाचा. दोन्ही यंत्रांत मिळून २३ सील कमांडो, एक दुभाषी आणि कैरो नावाचा कुत्रा. दऱ्यांमधून, जमिनीलगत. पाकिस्तानी रडारांना ती दिसली नाहीत. बेत असा, की एका हेलिकॉप्टरनं ओसामा बिन लादेनच्या आवारावर तरंगायचं आणि माणसांनी दोरावरून उतरायचं. इथवर सगळं जमलं आणि इथंच घात झाला.

मी साधा हिशेब मांडून पाहिला. दहा टनांचं यंत्र, १६ मीटर व्यासाचा पंखा, एबटाबादची साडेबाराशे मीटर उंचीवरची विरळ हवा. जागच्या जागी तरंगायचं तर पंख्याला दर सेकंदाला तीन टनांहून अधिक हवा खाली ढकलावी लागते. खाली पोहोचेतो ती ताशी शंभर किलोमीटरच्या झंझावातासारखी वाहू लागते. उघड्या मैदानात ही हवा चहूकडे पसरून जाते. बिन लादेनच्या आवाराला मात्र काही ठिकाणी १८ फूट उंच भिंती होत्या. अमेरिकेत सरावासाठी त्या आवाराची प्रतिकृती उभारली होती, पण तिथल्या भिंतींच्या जागी जाळीचं कुंपण होतं आणि जाळीतून वारा आरपार जातो. इथं तो भिंतींवर आपटून वर फिरला आणि पंख्यानं आपणच ढकललेली हवा पुन्हा ओढायला सुरुवात केली. त्यात ती रात्र अंदाजापेक्षा गरम होती, म्हणजे हवा आणखी पातळ. पंख्याभोवती भोवऱ्याचं कडं तयार झालं की इंजिनाची ताकद कितीही वाढवा, यंत्र खालीच बसत जातं.

वैमानिकानं क्षणात निर्णय घेतला. यंत्र कलंडू न देता त्यानं नाक जमिनीत रोवलं आणि शेपूट भिंतीवर टेकवली. आतल्या कुणालाही गंभीर दुखापत झाली नाही. चाळीसेक मिनिटांनी कमांडोंनी पडलेलं यंत्र सुरुंग लावून उडवलं, राखीव चिनुक बोलावलं आणि ते गेले. भिंतीच्या बाहेर पडलेली शेपूट तेवढी राहिली.

सकाळी जगानं ती शेपूट पाहिली आणि विमानवेडे चक्रावले. ही ब्लॅक हॉकची शेपूट नव्हतीच. पंख्याला जास्त पाती, मधल्या गड्ड्यावर पसरट ताटासारखं झाकण, कललेले आडवे पंख आणि सगळ्यावर करडा चंदेरी लेप. जे कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्याचा एक तुकडा भिंतीशी पडला होता. काही आठवड्यांनी पाकिस्ताननं तो परत केला. मधल्या काळात चिनी तज्ज्ञांनी तो पाहिल्याची बातमी फुटली; दोन्ही देशांनी ती नाकारली.

उरलेलं यंत्र कसं दिसत होतं? अमेरिकी सरकारनं त्याचं एकही छायाचित्र दिलेलं नाही. म्हणून चित्रकारांनी शेपटीवरून धड काढलं, कुणी कोमांचेचं नाक लावलं, कुणी खिडक्या बुजवल्या. २०१२ च्या ‘झीरो डार्क थर्टी’साठी कलादिग्दर्शकांनी पूर्ण आकाराची हेलिकॉप्टरं घडवली. त्या चित्रपटातलं पाकिस्तान काही ठिकाणी आपलं चंदीगड आहे आणि तिथल्या चित्रीकरणाला विरोधही झाला होता; ते आवार मात्र जॉर्डनमध्ये उभारलं होतं. आज लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते या चित्रपटातलं हेलिकॉप्टर. यावर भरवसा किती ठेवावा? १९८६ साली टेस्टर्स कंपनीनं ‘एफ-१९’ नावाच्या गुप्त विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल बाजारात आणलं होतं, गुळगुळीत आणि गोलाईदार. दोन वर्षांनी खरं विमान जाहीर झालं. ते एफ-११७ होतं, पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखं, सगळं कोनाकोनांचं.

आणि आवाजाचं काय? त्या रात्री एबटाबादमधला एक संगणक व्यावसायिक जागा होता. रात्री एक वाजता गावावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय आणि हे इथं सहसा घडत नाही, असं त्यानं ट्विटरवर लिहिलं. आपण कशाची नोंद करतोय याची त्याला कल्पना नव्हती. त्या यंत्राचा शोध रडारला लागला नाही, एका जाग्या माणसाच्या कानाला लागला. झोपलेल्यांना कदाचित ते फार उशिरा ऐकू आलं असेल. अशा कामात तेवढा उशीर पुरतो.

फेब्रुवारी २०१२ मध्ये पाकिस्ताननं ते आवार जमीनदोस्त केलं. पण त्याआधी, मे महिन्याच्या त्या पहिल्या दिवसांत, आसपासची मुलं शेतांतून हिंडत होती आणि राखेतून, पिकांतून तुकडे वेचत होती. एका बाजूनं करडे, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेले. बातमीदार आले की मुलं ते तुकडे हातावर धरून दाखवत.