लिपिड बदलले की प्रथिनाचे वळण बदलते

प्रथिनाला ठरावीक आकार असतो आणि त्यावरच त्याचे काम ठरते, असे शाळेत शिकवले जाते. चेतापेशींच्या टोकांशी मुबलक असणारे अल्फा-सिन्युक्लिन या नियमात बसत नाही. १४० अमिनो आम्लांची ही साखळी पाण्यात कोणताच आकार धरत नाही. क्षणाक्षणाला तिचे रूप पालटते. मात्र योग्य लिपिडांच्या सूक्ष्म पुटिका भेटल्या, की तिचा सुरुवातीचा सुमारे शंभर अमिनो आम्लांचा भाग पटलावर आडवा होऊन मळसूत्रासारखा पीळ घेतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कृत्रिम पटलांवर हे दाखवून दिले.

‘योग्य’ म्हणजे कोणते? फॉस्फॅटिडिलकोलीनवर एकूण विद्युतभार नसतो. त्याच्याशी हे प्रथिन फारसे जुळत नाही. फॉस्फॅटिडिलसेरिन ऋणभारित असते, आणि पिळाच्या कडांवरची धनभारित लायसिने त्याला धरतात. पिळाची तेलकट बाजू पटलाच्या आत रुतते. चेतासंदेश वाहणाऱ्या पुटिकांचा व्यास जेमतेम ४० नॅनोमीटर असतो. इतक्या तीव्र बाकावर लिपिडांची दाटी सैल पडते आणि ही बाजू त्या फटींत सहज शिरते. साखळीचे शेपूट स्वतःच ऋणभारित असल्याने पटलापासून दूर, मोकळे राहते. ही पकड घट्ट नसते. प्रथिन बसते, सुटते, पुन्हा बसते. मला यातले खरे कौशल्य या सैलपणातच दिसते.

पार्किन्सनच्या रुग्णांच्या चेतापेशींत दिसणाऱ्या ल्युई पिंडांमध्ये हेच प्रथिन साचलेले असते, हे १९९७ मध्ये कळले. पुढच्याच वर्षी पार्किन्सन असलेल्या एका जर्मन कुटुंबात या प्रथिनातल्या तिसाव्या अमिनो आम्लाच्या, अलानिनच्या, जागी प्रोलिन सापडले. प्रोलिनमुळे पीळ मोडतो, पटलाशी नाते दुबळे होते. पण म्हणून पटलाला चिकटणे नेहमी हिताचेच, असेही नाही. लिपिड कमी आणि प्रथिन जास्त झाले, तर पटलावर गर्दी होते आणि काही लिपिडांच्या बाबतीत तिथेच गुठळ्यांची सुरुवात होते. कोणते लिपिड आणि किती, यावर सगळे बदलते.

इतकी वर्षे बहुतेकांची नजर प्रथिनावरच खिळली होती, याची मला खंत वाटते. २०१९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अनेक ल्युई पिंड पाहिले गेले, तेव्हा त्यांत प्रथिनाच्या तंतूंपेक्षा पटलांचे तुकडे आणि पुटिकाच खच्चून भरलेल्या दिसल्या.