कागदावरचे आकडे आणि पडद्यावरचा वेग
एनव्हीडिया कंपनीचे २०२१ मधील १२ जीबीचे ‘आरटीएक्स ३०६०’ आणि २०२३ मधील ‘आरटीएक्स ४०६०’ ही ग्राफिक्स कार्डे शेजारी ठेवली, तर नुसते आकडे वाचणाऱ्याची हमखास फसगत होते. चित्रातील असंख्य बिंदूंची आकडेमोड एकाच वेळी करणारे छोटे गणक, म्हणजे कोअर, जुन्या कार्डात ३५८४ आहेत, तर नव्यात ३०७२च; मेमरी १२ जीबीवरून ८ जीबीवर आली आणि तिच्याकडे जाणारा मार्गही १९२ बिटांवरून १२८ बिटांइतका अरुंद झाला. तरीही बहुतेक गेममध्ये नवे कार्डच पुढे राहते, कारण त्याच्या कोअरची गती सुमारे १.८ गिगाहर्ट्झवरून २.५ गिगाहर्ट्झपर्यंत वाढली असून, चिपमध्येच असलेला २४ एमबीचा जलद साठा, जो जुन्यात अवघा ३ एमबी होता, मेमरीकडचे हेलपाटे वाचवतो. विजेची कमाल गरजही १७० वॅटवरून ११५ वॅटवर उतरते, आणि ही खरी मोठी कमाई आहे. मात्र टेक्स्चर, म्हणजे भिंत, झाड, कापड यांच्या पृष्ठभागावर चढवलेली बारीक चित्रे, ८ जीबीत मावेनाशी झाली की दृश्य मध्येच अडखळते; तेथे जुन्या कार्डाची ऐसपैस मेमरीच कामी येते.