सबंध माणूस पाहावा

परवा बालाघाटला मावशीकडे गेलो होतो. गोंदियाला गाडी बदलून तिच्या दारी पोहोचावे, तो मावशी ओट्यावर वाट पाहत बसलेली असावयाची, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. या खेपेस ओटा रिकामा होता. ऐंशी उलटलेली मावशी आत खाटेवर पडून होती.

न्हाणीघरात पाय घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले. परगावच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली व ती उत्तम झाली. हाड जुळले, मावशी मात्र उठली नाही. तिचा चष्मा आणि कवळी पिशवीतच राहिली होती. धड दिसेना, चावता येईना. तिसऱ्या रात्री ती भ्रमात बडबडू लागली, तेव्हा झोपेचे औषध दिले गेले. पंधरा दिवस पडून राहिल्याने पायांतले बळ ओसरले. ज्याने त्याने आपले काम चोख केले. सबंध मावशी कोणीच पाहिली नाही.

आम्हां गाण्यातल्या माणसांना हे चटकन उमगावे. तबलजी कितीही तयार असो, त्याचा कान गवयाकडे नसेल तर मैफल जमत नाही.

लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जोरी वॉरेन यांनी १९३५ पासून हीच जुळणी केली. शेजारच्या गरीबखान्यातील ७०० हून अधिक रुग्ण त्यांच्याकडे आले. त्यांतील पुष्कळजण असाध्य समजून खाटेवरच ठेवलेले. वॉरेनबाईंनी प्रत्येकाला नव्याने तपासले. परिचारिका, व्यायामोपचार करणारे, समाजसेवक यांना एका विचाराने कामास लावले. कित्येकजण चालू लागले व घरी गेले.

आपल्याकडे मद्रासला १९७८ साली डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी वृद्धवैद्यकाचा विभाग सुरू केला. २०१० साली आखलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी १० खाटांच्या कक्षाची तरतूद आहे. अशा जुळणीने काय साधते? २०१७ साली ९ देशांतील २९ चाचण्या एकत्र पडताळल्या गेल्या. या पद्धतीने पाहिलेले वृद्ध पुढे स्वतःच्या घरी राहत असण्याचा संभव अधिक, असे त्यांत दिसले.

या पथकाचे प्रश्न साधे असतात. पडण्यापूर्वी आजी काय काय करीत? कोणते औषध आता थांबविता येईल? जेवण जाते का? घरी पायऱ्या किती, आणि सोबतीला कोण? जिथे असे पथक नाही, तिथे हे प्रश्न घरच्यांनी डॉक्टरांना विचारावेत. चष्मा, कवळी, कर्णयंत्र उशाशी ठेवावे. आणि डॉक्टरांची अनुमती मिळताच रुग्णाला उठवून बसवावे.

मी मावशीला विचारले, "तुला काय हवंय?"

"दुसरं काही नको रे. मला ओट्यावर नेऊन बसव."

इतक्या दिवसांत हे तिला कोणी विचारलेच नव्हते, मीही नाही. आता व्यायाम शिकविणाऱ्या एक बाई रोज येतात. मावशी वॉकर धरून दारापर्यंत पोहोचली आहे. उंबरठा तेवढा ओलांडावयाचा आहे.