भाग: मुळाला लागली का?

आज धामापूरच्या तलावाकाठून बोलतोय. तलाव १५३० सालचा, आजही भरलेला. म्हणजे पाण्याची ददात नाही. अडचण मातीची. जांभ्याच्या तांबड्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. आपण काजूला सुपर फॉस्फेट घालतो, मुळाला मिळतं थोडंच.

इथे कामी येते मायकोरायझा, काही दुकानांत 'व्हॅम' म्हणतात. ही बुरशी मुळाच्या आत शिरते आणि केसाहून बारीक धागे बाहेर सोडते. मूळ पोचत नाही तिथला स्फुरद आणून देते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. हा व्यवहार चाळीस कोटी वर्षं जुना. स्कॉटलंडच्या जीवाश्मांत दिसलाय.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी पावडर मोठ्या काजूंच्या आळ्यात वरून भुरभुरली. फरक शून्य. शेजारचे काका हसले, "पावडर घातलंस, पण ती मुळाक लागली काय रे?"

बरोबर बोलले. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. म्हणून तर ती मका-ज्वारीच्या मुळांवर वाढवतात. तेव्हा वेळ जूनची, कलम लावताना. पिशवी फाडली की मुळांना लागेल अशी खाली-कडेला घालायची. रोपवाटिकेतच घातली तर आणखी बरं. त्याच सुमारास बुरशीनाशकाची आळवणी नको, हीसुद्धा बुरशीच ना! आणि स्फुरद खत भरमसाट घातलंत तर झाड हिला विचारत नाही.

यंदा बारा कलमांपैकी सहांना घातलीय. उरलेली पुडी परसातल्या मुळ्याला घालू नका हं; मुळा, मोहरी, कोबी यांचं हिच्याशी जमतच नाही.