गाण्याचा सात-बारा

जमिनीच्या वांटणीचा तंटा ज्यास ठाऊक नाहीं, असें घर आमच्या पेण-रोह्याकडे विरळाच. खारेपाटांत बांध हातभर सरकला कीं भाऊ भावाशीं बोलेनासा होतो, आणि कुंडलिकेच्या कांठच्या चार गुंठे भातखाचरासाठीं दोन दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवितात. सात-बाऱ्यावर आपलें नांव आहे कीं नाहीं, हें आमच्याकडील निरक्षर म्हातारीही तलाठ्याकडून वाचवून घेते. असें असून गाणें नांवाच्या वस्तूचे हिस्से मात्र आम्ही तोंडी ठेवतों, याचें आम्हांस नवल वाटतें.

हल्लीं गाणें मुद्रित करण्यास मुंबईस जावें लागत नाहीं. एखाद्या खोलीस आंतून जाड पडदे लाविले, एक संगणक व एक चांगला माइक आणिला कीं काम भागतें. आगरी-कोळी गीत, गणपतीची आरती, शक्ति-तुऱ्याचें कवन, असें कांहींना कांहीं आमच्या बाजूस सतत निघत असतें. एकजण शब्द जुळवितो, दुसरा चाल लावितो, तिसरा गातो, चौथा ढोलकी धरितो, पांचवा खर्च सोसतो. मोबाइलवर नांव झळकतें तें बहुधा गाणाराचें, नाहीं तर खर्च सोसणाराचें. पैसा येत नाहीं तोंवर सगळे मित्र असतात. गाणें चाललें आणि जाहिरातीचे चार पैसे सुरू झाले, म्हणजे ‘शब्द माझे होते’ हें वाक्य प्रथम ऐकूं येतें.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही माती मळणारा, साचा भरणारा, रंग देणारा व डोळे आखणारा निरनिराळा असतो. पण मूर्ति एकदां विकली जाते व हिशेब तेथेंच मिटतो. गाणें विकून संपत नाहीं. तें जितक्या वेळां वाजेल तितक्या वेळां नवी मजुरी निघते.

आमच्या पूर्वजांस हें कळत नव्हतें असें कोणी समजूं नये. नामदेव-तुकोबांनीं आपलें नांव अभंगाच्या शेवटच्या चरणांत असें गुंफिलें कीं शब्दांपासून तें सुटूं नये. एकनाथांची नाममुद्रा तर दुहेरी. शिष्याबरोबर गुरु जनार्दनस्वामींचेंही नांव तींत येतें. शक्ति-तुऱ्याचा शाहीर आजही कवनांत आपलें व गुरूचें नांव ओंवितो. आणि उत्तर पेशवाईंतील ‘होनाजी बाळा’ हें नांव पाहा. पुष्कळांस तो एकच इसम वाटतो. वस्तुतः होनाजी शिलारखाने हा कवि व बाळा करंजकर हा गाणारा. भागीदारी नांवांतच नोंदलेली! व्ही. शांताराम यांनीं १९५१ सालीं ‘अमर भूपाळी’ हा बोलपट काढिला तो याच होनाजीवर.

नाटकवाल्यांनीं छापील पदाच्या माथ्यावर ‘चाल’ लिहून ती कोणत्या जुन्या पदावरून घेतली तें प्रांजळपणें सांगण्याची रीत ठेविली होती. तरी लोकांच्या तोंडीं काय राहिलें? १९११ सालच्या ‘मानापमाना’चे शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, पण पदें मात्र ‘बालगंधर्वांचीं’. यांत बालगंधर्वांचा दोष नाहीं. कानाला गळा ओळखूं येतो, लेखणी येत नाहीं.

पुढें ध्वनिमुद्रिका आल्या आणि नांव गाण्याच्या बाहेर, तबकडीच्या कागदी चकतीवर गेलें. तेथें गाणारासही जागा मिळेना. १९४९ च्या ‘महल’ बोलपटांतील ज्या गाण्यानें लता मंगेशकर घरोघर पोंचल्या, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नांव होतें ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरील पात्राचें!

कायद्याची वाटचालही मंदच. १९५७ च्या कायद्यानें शब्द व संगीत या दोन निराळ्या कृति मानिल्या, पण संगीत म्हणजे कागदावर उतरविलेली स्वरलिपि, ही व्याख्या १९९४ पर्यंत टिकली. ज्याच्या केवळ गळ्यांत चाल होती त्यानें काय करावें? १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, बोलपटासाठीं मोबदला घेऊन रचलेल्या गाण्याचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माता. पस्तीस वर्षें कवि व संगीतकार या निर्णयाखालीं राहिले. २०१२ सालीं संसदेनें कायदा बदलला; कवि जावेद अख्तर त्या वेळीं राज्यसभेंत होते व त्यांनीं ही बाजू नेटानें मांडिली. आतां शब्दकार व चालकार यांनीं मालकी विकली तरी रॉयल्टीचा आपला समान वांटा त्यांस सोडून देतां येत नाहीं. तसा करार केला तर तो रद्द. चित्रपटगृहांतील खेळ तेवढा यांतून वगळला आहे. गाणारा व वाजविणारा यांस ‘सादरकर्ता’ म्हणून निराळा हक्क आहे, आणि सादरकर्ता म्हणून आपलें नांव लावून घेण्याचाही आहे.

हा शेवटचा हक्क आम्हांस फार मोलाचा वाटतो. आगरी समाजाच्या लग्नांत धवलारीण धवले गाते. ते कोणी रचिले हें कोणास ठाऊक नाहीं, ते सर्वांचे. तिचें गाणें कोणी मोबाइलवर उतरून घेतलें तर त्यास त्या मुद्रणापुरती मालकी मिळेल, धवल्यांची नव्हे. उद्यां दुसरी बाई तेच धवले खुशाल गाईल. परंतु शब्दकार म्हणून आपलेंच नांव ठोकून देणें ही शुद्ध चोरी होय, आणि ‘पारंपरिक’ एवढेंच लिहून मोकळें होणें हेंही कांहीं कमी नाहीं. शब्द पारंपरिक, गायिका अमुक, गांव अमुक, इतकें लिहावयास कितीशी शाई लागते?

नव्या गाण्याचें म्हणाल तर तें मुद्रित होईल त्याच दिवशीं, चहा थंड होण्यापूर्वीं, एक पत्रक करावें. त्यांत तीन रकाने हवेत: शब्द, चाल, मुद्रण. प्रत्येक रकान्याची बेरीज १०० भरली पाहिजे. शब्द दोघांनीं जुळविले असतील तर ५०-५० कीं ६०-४० हें तेव्हांच ठरवावें. सहा महिन्यांनीं प्रत्येकास आपलीच दुरुस्ती आठवते. ढोलकीवाल्यास एकरकमी बिदागी द्यावयाची कीं हिस्सा, तेंही लिहावें. नांव बँकेच्या पुस्तकांतील असेल तेंच घालावें व टोपणनांव शेजारीं. रोमन लिपींतील वर्णावली सदैव एकच ठेवावी, कारण यंत्र तीन वर्णावल्यांचीं तीन माणसें धरतें. मुद्रणास बारा अक्षर-अंकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो, तो टिपावा. खालीं सर्वांच्या सह्या. शब्दकार-चालकारांनीं १९६९ सालीं स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचें सभासद होऊन तेथें हेच हिस्से कळवावे. गायकांची संस्था २०१३ पासून निराळी आहे. नोंदणी केली नाहीं म्हणून हक्क बुडत नाहीं, तो रचनेबरोबरच जन्मतो. पण पैसा वांटणारास घर सांपडलें पाहिजे.

‘मास्तर, मैत्रींत कागद कशाला?’ असें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें विचारिलें. त्याच्याच घरीं तीन भावांचें वांटणीपत्र झालें असून तिघे सणावारीं एका पंक्तीस जेवतात, ही त्यास आठवण द्यावी लागली.

एकत्र कुटुंबांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. शब्द व चाल यांचा हक्क रचणाराच्या मरणानंतर ६० वर्षें चालतो व वारसांकडे येतो. खाडिलकर १९४८ सालीं वारले, टेंबे १९५५ सालीं. मरणानंतरच्या जानेवारीपासून हिशेब मांडला तर ‘मानापमाना’चे शब्द २००८ च्या अखेरीस मोकळे झाले आणि चाली २०१५ च्या. पद एकच, पण त्याचीं दोन अंगें सात वर्षांच्या अंतरानें सुटलीं. आपल्या माडीवरील ट्रंकेंतही आजोबांच्या पदांची वही किंवा काकांनीं बांधलेल्या चालींची स्वरलिपि असेल, आणि तिचे वारस कोणी पुण्यास, कोणी अमेरिकेंत असतील. घरांतील एखाद्या मुलानें त्यांतलें पद उद्यां गावयास घेतलें तर विचारावयाचें कोणास, हें ठाऊक असावें. श्राद्धाची तिथि आपल्याकडे सर्वांस पाठ असते. सन विचारला तर एकमेकांकडे पाहतात. वहीच्या पहिल्या पानावर, आजोबांच्या नांवाखालीं, तो सन लिहून ठेवावा.