हृदयावरची चरबी आणि मधुमेह



ऊस विकास विभागाने लागण, खत, खोडकिडा यांवर लिहावे, हृदयावर कशाला, असे कुणी म्हणेल. पण गटात फिरताना एक प्रश्न वारंवार कानी येतो : "साहेब, माणूस अंगानं काटक, तरी साखर कशी निघाली? ॲटॅक कसा आला?" याचे निम्मे उत्तर वजनकाट्यावर दिसत नाही, म्हणून हा लेख.

'हृदयाला चरबी चढली' असे आपण म्हणतो, तेव्हा रक्तवाहिनीत आतून थर साचला असा अर्थ असतो. ती गोष्ट वेगळी. मी सांगतो ती चरबी बाहेरून, हृदयाच्या स्नायूला चिकटून असते. ती प्रत्येकाला असते आणि लागतेही. हृदय म्हणजे रात्रंदिवस चालणारे इंजिन. त्याला इंधन पुरवणे, ऊब देणे ही तिची कामे. हृदयाला रक्त नेणाऱ्या धमन्या याच चरबीतून गेलेल्या असतात.

गोम इथेच आहे. ही चरबी आणि स्नायू यांच्यामध्ये पडदा नाही, आणि दोघांचा रक्तपुरवठाही एकच. दोन वाफ्यांत वरंबाच नसला तर एकातले खारे पाणी दुसऱ्यात जाणारच! चरबी बेताची असते तोवर ठीक. ती वाढली की तिच्यातून दाह निर्माण करणारी द्रव्ये पाझरतात, ती थेट धमनीच्या भिंतीत उतरतात, आणि आतल्या थराला बाहेरून खतपाणी मिळते. अमेरिकेत हजारो लोकांवर वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीत ही चरबी जास्त असणाऱ्यांना हृदयविकार जास्त आढळला. अर्थात ती एकटीच कारण नव्हे. तंबाखू, रक्तदाब, घराण्यातला आजार यांचा वाटा आहेच.

आता मधुमेह. कातडीखालची चरबी हे शरीराचे कोठार. ते भरले, किंवा मुळात लहान असले, की जादा चरबी यकृत, आतडी, हृदय अशी नको तिथे साठते. त्याने इन्सुलिनचे काम अडते आणि साखर रक्तातच राहते. मधुमेही माणसांत हृदयावरचा थरही जाड आढळतो. एकाच बुडख्याचे दोन फुटवे म्हणा ना.

काटक माणसाचे काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन पळणारे. आपला व्यायाम म्हणजे रोज सकाळी लिफ्टचे दार बंद होण्याआधी पळत गाठणे, असे याज्ञिकांनी गमतीने लिहिले आहे. आपलेही आता तसेच झाले. मोटेमागचे चालणे कधीच गेले, पंप मोबाईलवरून सुरू होतो, बांधापर्यंत मोटारसायकल जाते.

तेव्हा वजनापेक्षा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावायचा. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० ही मर्यादा. पायजम्याच्या नाडीवर विसंबू नका, नाडी पोटाखाली सरकते. मर्यादा ओलांडली असेल तर उपाशीपोटी साखर तपासा. १२६ किंवा वर आली तर डॉक्टरांकडून पुन्हा खात्री करून घ्या. रोजच्या भरभर चालण्याने ही आतली चरबी कमी होते. आणि साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहितो म्हणून लपवत नाही, दिवसाचे सहा चहा आणि प्रत्येकात तीन चमचे साखर हे जास्तच आहे.

एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. मधुमेह्याला झटका आला तरी छातीत कळ येईलच असे नाही. नुसता दरदरून घाम, धाप, मळमळ, गळून जाणे एवढेच होते. अशा वेळी 'पित्त झालंय' म्हणून सोडा पाजून झोपवू नका. ऊसतोड चालू असो की वजनकाट्यावर नंबर लागलेला असो, आधी दवाखाना गाठा.