स्पेंटवॉशपासून बायोगॅस निर्मिती
उसाच्या मळीपासून मद्यार्क तयार केल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यास स्पेंटवॉश म्हणतात. ऑक्सिजनविरहित टाकीत सूक्ष्मजीवांकरवी त्याचे विघटन केल्यास मिथेनयुक्त बायोगॅस मिळतो.

एक लिटर मद्यार्कामागे साधारणतः ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. तो आम्लधर्मी व सेंद्रिय द्रव्यांनी भरलेला असतो. प्रक्रियेविना नदीत मिसळल्यास पाण्यातील ऑक्सिजन संपून मासे मरतात. लातूर, नांदेड यांसारख्या ऊस पिकवणाऱ्या, परंतु पाणीटंचाई सोसणाऱ्या जिल्ह्यांत ही हानी अधिक जाचक ठरते.

विघटन जलापघटन, आम्लनिर्मिती, ॲसिटेटनिर्मिती व मिथेननिर्मिती अशा चार टप्प्यांत होते. शेवटच्या टप्प्यातील आर्किया सूक्ष्मजीव सावकाश वाढतात. टाकीत एकदम जास्त स्पेंटवॉश सोडल्यास आम्ले साचून मिथेननिर्मिती मंदावते. त्यामुळे उत्पादनवाढीसाठी भरणा हळूहळू वाढवतात, तापमान सुमारे ३५ ते ३८ अंश सेल्सिअस व सामू ७ च्या आसपास राखतात. स्पेंटवॉशमधील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनतो. तो मिथेननिर्मितीस बाधक व यंत्रे गंजवणारा असल्याने वायू शुद्ध करून बॉयलरमध्ये जाळतात.

या प्रक्रियेनंतरही सांडपाण्याचा तपकिरी रंग व क्षार उरतात. म्हणून त्याचे बाष्पीभवन करतात किंवा प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट खत बनवतात.